सोवळ्यातली गोष्ट: कथाकथनातील डिजिटल साधनांवरील आक्षेपांचा प्रतिवाद

बालग्रंथालयांच्या चर्चेत एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागणेही अरसिकपणाचे समजले जाते. ग्रंथालयातील कथाकथन म्हणजे माणसाने मुलांसमोर बसून, शक्यतो पुस्तक हाती धरून, सांगितलेली गोष्ट. तेथे प्रोजेक्टर, टॅबलेट, ध्वनिमुद्रण किंवा मोबाइल यांपैकी काहीही शिरले की गोष्ट बाटते, मुलांची कल्पनाशक्ती खुंटते आणि वाचनालयाचे चित्रपटगृह होते, असा त्या मताचा आशय असतो. हे मत मांडणारे ग्रंथपाल, शिक्षक आणि पालक बहुधा मुलांवर आणि पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारे असतात, आणि म्हणूनच त्यांना विरोध करणे अवघड जाते. परंतु प्रेमातून निघालेला नियम न्याय्य असतोच असे नाही. ज्या शहरात मराठी पुस्तकांची दुकाने आणि बालनाट्ये आहेत, ज्या ग्रंथालयात मुलाची घरची भाषा बोलणारी व्यक्ती हजर आहे, तेथे हा नियम पाळायला फारसे काही मोजावे लागत नाही. त्याची खरी किंमत छत्तीसगडमधील नंदिनी नगरसारख्या ठिकाणचे मूल मोजते, आणि म्हणून या नियमाची परीक्षा पुण्या-मुंबईत न करता तेथेच करणे योग्य ठरते.

नंदिनी नगर ही दुर्ग जिल्ह्यातील, भिलाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरची खाण-वसाहत आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि तिच्यासाठी लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून तर चुनखडी नंदिनीहून आणण्याची व्यवस्था बसली. खनिजातील माती-वाळूशी संयोग पावून तिला धातुमळाच्या रूपाने लोखंडापासून वेगळे काढणे हे भट्टीतील चुनखडीचे काम. कारखान्याच्या ओढीने तेलुगू, ओडिया, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि मराठी कुटुंबे या परिसरात आली, तरी मराठी माणूस येथे केवळ नोकरीसाठी आलेला परका नव्हे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर १८५४ पर्यंत होती, १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि मराठी घरातले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन केले. या दोन्ही नावांत अभिमानाइतकीच सूचनाही दडलेली आहे, कारण घरी मराठी असलेल्या बुद्धिमान माणसाची लेखणी येथे हिंदीकडे वळते, आणि त्यात गैर काही नसले तरी पुढच्या पिढीच्या कानावर मराठी गोष्ट कोठून पडावी हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्र मंडळांतले गणेशोत्सव, नाटके आणि हळदीकुंकवाचे समारंभ भाषेचा सण जिवंत ठेवतात, पण आठवड्याच्या आठवड्याला मुलाला नवी गोष्ट पुरवणे हे निराळ्या यंत्रणेचे काम आहे.

आता आक्षेपांकडे वळता येईल. पहिला आक्षेप परंपरेचा आहे: आजी सांगते ती गोष्ट शुद्ध, आणि यंत्र मध्ये आले की ती अशुद्ध. इतिहासाला हे शुद्धत्व ठाऊक नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची रंगवलेली चित्रे एकामागून एक श्रोत्यांसमोर धरून, वाद्यांच्या साथीने कथा लावत आले आहेत, आणि एका कथेच्या अशा चित्रसंचालाच ते पोथी म्हणतात. १८९२ पासून कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडली, ती झरझर बदलून आकृती हलल्याचा भास निर्माण केला आणि निवेदन व संगीत यांसह त्यांतून कथा सांगितल्या; हे सारे दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वीस वर्षे आधीचे आहे. या प्रेक्षकांची कल्पनाशक्ती त्यामुळे करपली असे म्हणण्यास आधार नाही. उलट मराठी नाटक आणि चित्रपट यांचा पुढचा बहर याच प्रेक्षकांच्या काळात आला.

खुद्द ग्रंथालय-चळवळीचा दाखला तर या आक्षेपाला अधिकच अडचणीचा आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले, ते आजही भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आरंभबिंदू म्हणून शिकवले जाते. पण त्याच ग्रंथालय-खात्याला दृश्यशिक्षणाची एक शाखा जोडलेली होती, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत ज्ञान नेण्यासाठी मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रयंत्र घेऊन गावोगाव फिरणारा विभाग होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचे दालन, गावांत फिरत्या पुस्तकपेट्या आणि चौकात पडदा, या तीन गोष्टी एकाच खात्याच्या तीन हातांसारख्या चालत होत्या, आणि पडद्यामुळे पेटीला बाध येतो असे तेथे कोणी मानले नाही. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाने ज्याला ग्रंथालयाचे कर्तव्य म्हटले, त्याला आज ग्रंथालयाचा ऱ्हास म्हणणे हा परंपरेचा अभिमान नसून तिचे अज्ञान आहे.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे येऊ शकेल की चित्रकथी, खरोलिका आणि बडोद्याचा मॅजिक लँटर्न या सर्वांत सांगणारा माणूस जागेवर होता, चित्रे त्याच्या अधीन होती, आणि आजचा पडदा मात्र स्वतःच बोलतो. हे उत्तर खरे आहे, आणि ते देताक्षणी मूळ नियम कोसळतो. कारण मग दोष विजेचा, काचेचा किंवा पडद्याचा राहत नाही. प्रश्न इतकाच उरतो की साधन सांगणाऱ्याच्या हाती आहे की सांगणारा साधनाच्या हाती. निवेदकाने बोट ठेवताच थांबणारे, मागे जाणारे, चित्र दाखवून आवाज बंद ठेवू देणारे साधन चित्रकथीच्या पोथीच्या जातीचे असते, तर एकदा सुरू केल्यावर वीस मिनिटे कोणाचेही न ऐकणारे साधन त्या जातीचे नसते, आणि ही रेघ छापील पुस्तकालाही लागू पडते, कारण मान वर न करता, मुलांना मध्ये बोलू न देता वाचून संपवलेले पुस्तक मुलांच्या दृष्टीने त्याच दुसऱ्या जातीत मोडते.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, शिफारसही दोन वर्षांखाली पूर्ण बंदी आणि पाच वर्षांपर्यंत देखरेखीखाली कमाल एक तास अशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बसल्या वेळी मुलाला गोष्ट सांगावी, त्याच्यासोबत वाचावे, असेही सुचवले आहे, आणि आक्षेपक हे वाक्य हमखास पुढे करतात. परंतु या मर्यादा मुलाने हालचाल न करता घालवलेल्या वेळाच्या काळजीतून आल्या आहेत. आठवड्यातून एकदा, सहा-सात वर्षांच्या वीस मुलांसमोर, भिंतीवर पाडलेली दहा-बारा चित्रे आणि मधल्या जागेत उठून वाघ होणारी, हरीण होणारी मुले, हे दृश्य त्या काळजीच्या कक्षेत बसत नाही. आणि ध्वनिमुद्रित गोष्टीला तर पडदाच नसतो, त्यामुळे तिच्यावर पडद्याचे कलम लावणे म्हणजे आकाशवाणीवरील बालोद्यानाला दृष्टिदोषाबद्दल जबाबदार धरण्यासारखे आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या कथासत्रात पडदा असू नये, हे मात्र या लेखाच्या भूमिकेतही पूर्णपणे मान्य आहे, आणि त्याबाबत वादाला जागा नाही.

तिसरा आक्षेप आकलनाचा. डिजिटल गोष्टीतून मुलांना कमी समजते, असे संशोधन सांगते असा दावा केला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. मे आयरीन फुरेनेस, नतालिया कुचिर्कोव्हा आणि आद्रियाना बुस यांनी २०२१ साली एक ते आठ वर्षांच्या मुलांवरील ३९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की छापील पुस्तक जसेच्या तसे पडद्यावर आणले तर मुलांना गोष्ट छापील पुस्तकाइतकी चांगली समजत नाही, पण पडद्यावरची भर गोष्टीच्या आशयाला पुढे नेणारी असेल तर डिजिटल रूप छापील रूपावर मात करते. घंटा वाजणे, फुगे फुटणे, मध्येच खेळ उघडणे असल्या करामती आकलनाला मारक ठरतात. ज्या वस्तूबद्दल वाक्य चालू आहे तिच्याकडे लक्ष वेधणारी चित्रयोजना मात्र तारक ठरते. आक्षेपक या निष्कर्षाचे पहिले अर्धे उचलतात आणि अॅप विकणारे दुसरे अर्धे, आणि दोघेही हे सांगायचे टाळतात की छापील पुस्तकाच्या बाजूचा बराचसा लाभ शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या बोलण्याचा असतो. मुलाला प्रश्न विचारत, त्याचे उत्तर पुढे वाढवत, त्याला अंदाज करायला लावत वाचणे याला संवादी वाचन म्हणतात, आणि ते कागदावरून जसे करता येते तसेच भिंतीवरच्या चित्रावरूनही. किंबहुना माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांसारखी बारकाव्यांनी भरलेली पाने वीस मुलांना एका प्रतीतून दाखवताना मागच्या रांगेला जे कधीच दिसत नाही, ते प्रकाशकाच्या परवानगीने भिंतीवर पाडले तर दिसते.

कल्पनाशक्तीबद्दल बोलताना दुर्ग जिल्ह्यात तरी पंडवानीला, म्हणजे महाभारतातील कथा गाऊन सांगण्याच्या लोककलेला, वगळून बोलता येणार नाही. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई हाती तंबुरा घेऊन उभ्या राहत आणि तोच तंबुरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचे धनुष्य होई. ही उभ्याने, अभिनयासह सादर होणारी कापालिक शैली, तर झाडूराम देवांगन यांच्याशी जोडली गेलेली वेदमती शैली बैठकीची. दोन्हींत रागी नावाचा साथीदार असतो, जो गायकाला मध्येच अडवतो, आश्चर्य व्यक्त करतो, पुढे काय झाले विचारतो, आणि श्रोत्यांच्या वतीने हुंकार भरतो. सोवळ्या पक्षाला हे उदाहरण आपल्या बाजूचे वाटते, कारण माणसे, वाद्ये आणि कथा यांहून काहीच तेथे नाही. पण ही कला भिलाईच्या बाहेर पोहोचली ती माइक, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या खांद्यावरून. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मधून (१९८८) ती देशभरच्या घरांत गेली. यंत्राने पंडवानी मारली नाही. यंत्राने जे केले नाही ते इतकेच की रागीची जागा भरली नाही, आणि ग्रंथालयातील कथाकथनात डिजिटल साधन आणल्यावर ग्रंथपालाचे काम नेमके तेच उरते. नंदिनी नगरच्या वाचनालयात तीजनबाईंच्या सादरीकरणाची चित्रफीत पाच मिनिटे लावायची, दुःशासनवधाच्या ऐन प्रसंगी ती थांबवायची आणि पुढचे मुलांकडून वदवून घ्यायचे, हे ज्या ग्रंथपालाला जमते त्याच्या हाती यंत्र दिल्याने गोष्ट कमी होत नाही. ज्याला जमत नाही त्याच्या हातून यंत्र काढून घेतल्यानेही ती वाढत नाही.

आता ज्या मुद्द्यावर हा सारा वाद खरोखर अडतो त्याकडे यावे लागते, आणि तो मुद्दा मराठीच्या आवाजाचा आहे. छत्तीसगडमधील मराठी मुलाची स्थिती बेळगाव किंवा हैदराबादच्या मराठी मुलाहून वेगळी आहे, कारण त्याच्या शाळेतील हिंदीची आणि घरच्या मराठीची लिपी एकच आहे. मराठी पुस्तक हाती आले तर त्याला अक्षरे लागतात, पण उच्चार लागत नाहीत. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतले दोन च, ‘जाळे’ आणि ‘जीभ’ यांतले दोन ज देवनागरी एकाच खुणेने दाखवते. ‘ळ’ हे अक्षर शाळेच्या हिंदी पुस्तकात भेटत नाही आणि त्याच्या जिभेवर ल होऊन बसते. छापील पान या बाबतीत मुके आहे. कितीही उत्तम मराठी पुस्तक या मुलाला हे शिकवू शकत नाही, आणि ज्या ग्रंथपालाची स्वतःची भाषा हिंदी किंवा छत्तीसगढी आहे तोही शिकवू शकत नाही. अशा ठिकाणी नागपूरच्या, कोल्हापूरच्या किंवा रत्नागिरीच्या कोणा चांगल्या सांगणाऱ्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रण हा एकमेव उपाय उरतो, आणि ‘जिवंत माणसानेच सांगावे’ हा नियम तेथे लावला तर परिणाम जिवंत माणसाने सांगण्यात होत नाही, तर मराठीत कोणीच न सांगण्यात होतो. आजी आहे की, असे म्हटले जाते. परंतु प्रत्येक घरात आजी नसते, आणि जिला आपल्या गोष्टी आठवतात अशी आजी तर त्याहून कमी घरांत असते.

पुस्तकांच्या उपलब्धतेचेही तसेच आहे. नागपूर दुर्गपासून रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे, म्हणजे अंतर फार नाही. पण मुलांच्या मराठी पुस्तकांच्या व्यापाराला राज्याची सीमा ओलांडण्याचे कारण नाही, कारण पलीकडे मराठी शाळांचे गिऱ्हाईक नाही. साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनी उभी केलेली कथामाला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोहोचली, ती शाळा आणि शिक्षक यांच्या आधाराने. जेथे मराठी शाळाच नाही तेथे तिला पाय रोवायला जमीन नव्हती. याउलट बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आज महाजालावर विनामूल्य वाचता येतात; प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीविव्हर या व्यासपीठावरील चित्रकथा खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख करून त्या कोणीही छापू शकतो, भाषांतरित करू शकतो, रूपांतरित करू शकतो; आणि केंद्र सरकारचे राष्ट्रीय ई-पुस्तकालय अनेक भारतीय भाषांतील बालपुस्तके उघडी करते. नंदिनी नगरच्या वाचनालयाला यांतली एक गोष्ट मराठीत, तीच छत्तीसगढीत आणि तीच तेलुगूत एका दुपारी भिंतीवर पाडता येईल, छत्तीसगढी भाषांतर नसेल तर मुलांकडून ते करवून घेता येईल, आणि असे बहुभाषी कथासत्र छापील पुस्तकांच्या बळावर भरवायचे तर त्यासाठी लागणारा संग्रह जिल्हा ग्रंथालयातही सापडणे कठीण.

नेटवर्क नाही, पैसे नाहीत, हा चौथा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही, कारण त्याचे उत्तर छत्तीसगडनेच देऊन ठेवले आहे. टाळेबंदीत शाळा बंद असताना, २०२० साली, ‘पढई तुंहर दुआर’ या राज्याच्या उपक्रमाचा भाग म्हणून ‘बुलटू के बोल’ चालवले गेले; ज्या गावांत इंटरनेट नव्हते तेथे आठवडी बाजारात ब्लूटूथने साध्या बटणांच्या मोबाइलवर ध्वनिपाठ दिले जात, ते घरी नेऊन मुले ऐकत, आणि काही गावांत शिक्षकांनी ध्वनिक्षेपकावरून वर्ग घेतले. बस्तरमध्ये सीजीनेट स्वर या सेवेने त्याआधी दशकभर साध्या फोनवरून गोंडीत बातम्या सांगण्याची आणि ऐकण्याची सोय करून दाखवली होती. पोलाद कारखान्याच्या खाण-वसाहतीत एक स्पीकर, एक पेनड्राइव्ह आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर मिळू नये, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही.

जे गंभीर आहे ते वेगळेच आहे, आणि सोवळ्या पक्षाने आपली सारी शक्ती तेथे लावायला हवी होती. ग्रंथालयांना विकला जाणारा डिजिटल माल बहुधा वर्गणीच्या कराराने येतो. वर्गणी थांबली की गोष्टीही थांबतात, उपकरण कुलूपबंद असते, त्यात स्थानिक ध्वनिमुद्रण भरता येत नाही, आणि मराठी या शीर्षकाखाली इंग्रजी गोष्टींची यांत्रिक आवाजातली भाषांतरे असतात, ज्यांत दोन्ही च एकच होऊन गेलेले असतात. अशी खरेदी करणारा अधिकारी कथासत्राला कधी बसलेला नसतो आणि कथासत्र घेणारी व्यक्ती खरेदीच्या टेबलापाशी बोलावलेली नसते. पडदा असावा की नसावा यावर परिसंवाद होतात, पण करारात साठवून ठेवण्याचा आणि बदल करण्याचा हक्क आहे की नाही, ध्वनिमुद्रण ज्याच्या आवाजात आहे त्या माणसाचे नाव दिले आहे की नाही, चित्र आवाजाविना दाखवता येते की नाही, हे विचारायला कोणी उभे राहत नाही. गनियारीसारख्या गावातील एखाद्या म्हाताऱ्या सांगणाऱ्याची गोष्ट वाचनालयाने स्वतः मुद्रित करायची ठरवली, तर त्याची संमती कोणत्या भाषेत घ्यायची, मानधन किती द्यायचे आणि ती ध्वनिफीत बाहेर जाऊ द्यायची की वाचनालयापुरती ठेवायची, यासाठी ग्रंथपालाच्या हाती एका पानाचा नमुनाही दिलेला नसतो; आणि तो नमुना तयार करण्याचे काम पडद्याला नकार देऊन होत नाही.